जेम सुलतान: साडेबारा वर्षांचा ओलीस

जुलै 1482 च्या अखेरीस ऱ्होड्स बेटाच्या बंदरात बावीस वर्षांचा एक तरुण आपल्या मोजक्या सोबत्यांसह उतरला. बेटाचे धनी असलेल्या सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनी त्याला राजाला साजेशा इतमामाने मिरवत शहरात नेले. दोनच वर्षांपूर्वी या तरुणाच्या वडिलांच्या तोफांनी त्याच शहराच्या तटाला खिंडारे पाडली होती आणि त्याच धर्मयोद्ध्यांनी रक्त सांडून तो वेढा परतवला होता. आता त्या शत्रूचा मुलगा त्यांच्याकडून लेखी कौल, म्हणजे अभयाचे वचन, घेऊन, आसरा मागत त्यांच्या दारात आला होता. हा तरुण म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) जिंकणाऱ्या उस्मानी तुर्क सुलतान दुसऱ्या मेहमदचा धाकटा मुलगा जेम. त्या दिवसापासून मरेपर्यंत तो पुन्हा कधीही स्वतःच्या मर्जीने कुठे जाऊ शकला नाही.

त्याचे नाव इराणी पुराणकथांतील जमशेद राजाच्या नावाचे तुर्की रूप आहे. युरोपातल्या लोकांना ते नीट उच्चारता येईना, म्हणून फ्रान्स आणि इटलीत तो ‘झिझिम’ म्हणून ओळखला गेला. त्याच्यावर अनेक प्रेमकथा आणि विषप्रयोगाच्या कथा रचल्या गेल्या आहेत. या प्रकरणाचा अभ्यास करण्यामागचा माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी सिंहासनाचे दावेदार सर्रास मारले जात होते, किंवा फौज देऊन स्वदेशी पाठवले जात होते. जेमच्या बाबतीत बारा वर्षांहून अधिक काळ यांतले काहीच घडले नाही. ज्याच्या ताब्यात तो गेला त्याला तो सोडावासा वाटला नाही आणि मारावासाही वाटला नाही. असे का झाले, हे त्याच्या कैदेचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

वारसाचा कायदा

उस्मानी घराण्यात थोरल्या मुलाला गादी मिळावी असा नियम नव्हता. सुलतानाचे सगळे मुलगे सारखेच हक्कदार मानले जात, आणि ज्याला यश मिळेल त्याच्यावर ईश्वराची कृपा आहे असे समजले जाई. 1402 मध्ये अंकाराच्या लढाईत तैमूरने उस्मानी सुलतानाला कैद केल्यावर त्याच्या मुलांमध्ये 1413 पर्यंत यादवी चालली आणि राज्य बुडता बुडता वाचले. ही आठवण ताजी असलेल्या मेहमदने आपल्या कायद्यात एक कलम घातले. त्याच्या ज्या मुलाला राज्य मिळेल त्याने जगाची व्यवस्था टिकावी म्हणून आपल्या भावांना ठार करणे योग्य आहे, असे ते कलम सांगते. मेहमदने स्वतः 1451 मध्ये गादीवर येताच आपल्या तान्ह्या सावत्र भावाला मारवले होते.

या प्रथेची छाया थेट दख्खनपर्यंत पोचलेली दिसते. विजापूरच्या दरबारात राहून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्ताने आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान याच्याविषयी एक हकीकत दिली आहे. यूसुफ हा मेहमदचाच भाऊ होता, भाऊ मारले जाण्याच्या वेळी त्याच्या आईने युक्तीने त्याला राजवाड्याबाहेर काढले आणि पुढे तो हिंदुस्थानात आला, असे फिरिश्ता सांगतो. इतिहासकार ही हकीकत खरी मानत नाहीत. पण पश्चिम महाराष्ट्रावर आणि 1510 पर्यंत गोव्यावर राज्य करणाऱ्या घराण्याला आपले कूळ उस्मानी कत्तलीतून वाचलेल्या राजपुत्रापर्यंत नेणे भूषणाचे वाटत होते, इतके तरी तिच्यातून सिद्ध होते. ती कथा खरी असती तर जेम हा यूसुफचा सख्खा पुतण्या ठरला असता.

जेमचा जन्म 22 डिसेंबर 1459 रोजी एदिर्ने येथे झाला. त्याच्या आईचे नाव चिचेक हातून. मधला भाऊ मुस्तफा 1474 मध्ये वारला आणि त्याच्या जागी जेम कोन्या येथे करामान प्रांताचा सुभेदार झाला. थोरला भाऊ बायझीद अमास्या येथे सुभेदार होता. तो जेमपेक्षा बारा वर्षांनी मोठा, सावध वृत्तीचा आणि धार्मिक मंडळींना जवळचा वाटणारा होता. जेमभोवती कवी जमत. तो स्वतः तुर्की आणि फारसी या दोन्ही भाषांत कविता करी, आणि मध्य अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातल्या) जुन्या तुर्की सरदार घराण्यांशी त्याचे चांगले जमे. बायझीदचा जन्म झाला तेव्हा वडील गादीवर नव्हते, आपण मात्र राज्य करणाऱ्या सुलतानाचा पुत्र म्हणून जन्मलो, असा युक्तिवादही त्याच्या बाजूने केला जाई.

वडिलांच्या हयातीतच एकदा त्याने धोक्याच्या जागी पाऊल टाकले होते. 1473 मध्ये मेहमद पूर्वेला उझुन हसन या तुर्कमान राजावर चालून गेला तेव्हा तेरा वर्षांच्या जेमला एदिर्नेत ठेवले होते. बरेच दिवस फौजेची बातमी आली नाही, तेव्हा त्याच्या कारभाऱ्यांनी सुलतान मेला असे समजून लोकांकडून जेमच्या नावे निष्ठेच्या शपथा घ्यायला सुरुवात केली. सुलतान विजयी होऊन परतला. त्याने मुलाला क्षमा केली आणि कारभाऱ्यांना ठार केले. या घराण्यात घाईची काय किंमत मोजावी लागते, हे त्या मुलाने तेव्हाच जवळून पाहिले होते.

अठरा दिवसांचे राज्य

3 मे 1481 रोजी मेहमद मोहिमेवर निघाला असताना गेब्झेजवळच्या छावणीत मरण पावला. मुख्य वजीर करामानी मेहमद पाशा जेमकडे झुकलेला होता. त्याने मृत्यू लपवून ठेवला आणि दोन्ही मुलांकडे जासूद पाठवले. कोन्या अमास्यापेक्षा राजधानीला जवळ असल्याने जेम आधी पोचेल, असा त्याचा हिशेब होता. पण जेमकडे जाणारा जासूद वाटेतच अडवला गेला. त्याला अडवणारा अनातोलियाचा सुभेदार बायझीदचा जावई होता. इकडे मृत्यूची बातमी फुटली, सुलतानाच्या खास पायदळातल्या जानिसारी शिपायांनी राजधानीत दंगल करून वजिराला ठार केले आणि बायझीद येईपर्यंत त्याच्या मुलाला, कोर्कुतला, तात्पुरते गादीवर बसवले. बायझीद 21 मे रोजी राजधानीत पोचला. एका जासुदाला अडवल्यामुळे निकाल फिरला असे म्हणणे मोहक आहे, पण ते पुरते खरे नाही. मेहमदने वक्फाच्या आणि खासगी जमिनी मोठ्या प्रमाणावर सरकारजमा केल्यामुळे आणि सतत चाललेल्या मोहिमांमुळे जो असंतोष साचला होता, त्याचा रोख या वजिरावर होता. जेम त्या वजिराचा उमेदवार ठरला, आणि जानिसारी व उलेमा (धर्मपंडित) दोघेही त्याच्यापासून दूर गेले.

जेमने बुर्सा ही जुनी राजधानी घेतली. तिथे त्याच्या नावाचा खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजातले राज्यकर्त्याचे नाव घेणारे प्रवचन, वाचला गेला आणि त्याच्या नावाची चांदीची नाणी पाडली गेली. हे राज्य अठरा दिवस टिकले. त्या दिवसांत त्याने आपली वृद्ध आत्या-आजी सेल्चुक हातून हिला भावाकडे पाठवून तोडगा सुचवला, की राज्याचे दोन भाग करावेत, युरोपातला बायझीदने ठेवावा आणि अनातोलिया आपल्याला द्यावा. राजांमध्ये नातेगोते नसते, या अर्थाचे अरबी वचन ऐकवून बायझीदने ती बोलणी मोडली. हे उत्तर कठोर होते. तरी 1402 नंतरच्या यादवीचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला तर बायझीदला फाळणीची भीती का वाटली, हे समजू शकते.

जूनच्या उत्तरार्धात येनिशेहिर येथे लढाई झाली. इटलीतले ओत्रांतो जिंकून आलेला नामांकित सेनापती गेदिक अहमद पाशा बायझीदच्या बाजूने उतरला आणि जेमच्या स्वतःच्या लालाने, म्हणजे त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या सरदाराने, फितुरी केली. पराभूत जेम आई आणि कुटुंबकबिल्यासह इजिप्तचा मामलुक सुलतान कायतबे याच्या आश्रयाला कैरोला गेला. तिथून त्याने मक्का-मदिनेची यात्रा केली, जी उस्मानी घराण्यातल्या सत्तेच्या कोणत्याही दावेदाराच्या बाबतीत विरळाच गोष्ट होती. बायझीदने वार्षिक तैनात, म्हणजे निर्वाहाची रक्कम, देऊ केली, अट एवढीच की जेमने राज्याचा नाद सोडून स्वस्थ बसावे. या काळात भावाभावांत कवितेतून झालेली सवालजबाबाची देवघेव तुर्की साहित्यात अजून सांगितली जाते. तू गुलाबांच्या शेजेवर हसत पहुडला आहेस आणि मी दुःखाच्या भट्टीतली राख अंथरून झोपतो आहे, याचे कारण काय, असे जेम विचारतो. हाजी झाल्याचा अभिमान बाळगणाऱ्याला ऐहिक राज्याची एवढी हाव का, असे बायझीद उलट विचारतो.

1482 च्या वसंतात करामानच्या जुन्या घराण्यातल्या कासिम बेच्या भरवशावर जेम पुन्हा अनातोलियात उतरला. कोन्याचा वेढा फसला आणि अंकाराकडची चाल वाया गेली. जेरुसलेममध्ये राहून तैनात खाण्याचा भावाचा प्रस्ताव त्याने पुन्हा नाकारला. समुद्रापलीकडे जाऊन युरोपच्या बाजूने पुन्हा प्रयत्न करावा, असे त्याच्या मनाने घेतले, आणि त्यासाठी त्याने ऱ्होड्सचे प्रमुख पिएर द’ओब्युसाँ यांच्याकडे कौल मागितला.

कौल आणि तह

माझ्या मते जेमचा खरा पराभव येनिशेहिरच्या रणात झाला नाही, तो ऱ्होड्सच्या दिवाणखान्यात झाला. द’ओब्युसाँ धर्मनिष्ठ होते, शूर होते आणि त्यांचे बेट उस्मानी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. बेट वाचवणे हे त्यांचे पहिले काम होते. ऑगस्ट 1482 मध्ये जेमने आपण गादीवर आल्यास धर्मयोद्ध्यांशी कायमचा स्नेह ठेवू असे लिहून दिले आणि आपल्या वतीने बायझीदशी बोलणी करण्याचा अधिकारही द’ओब्युसाँना दिला. शरणागताने आपल्या वकिलीचे पत्र यजमानाच्याच हाती द्यावे, ही चूक पुढे सुधारता आली नाही. 1 सप्टेंबरला हंगेरीच्या वाटेने रुमेलीला, म्हणजे उस्मानी राज्याच्या युरोपातल्या भागात, पोचवतो असा विश्वास देऊन त्याला जहाजात बसवले गेले, आणि ते जहाज फ्रान्सच्या दिशेने निघाले. त्यानंतर काही महिन्यांतच धर्मयोद्ध्यांनी बायझीदशी तह केला. जेमला ते आपल्या पहाऱ्यात ठेवतील आणि त्याच्या खर्चासाठी बायझीद दरवर्षी सुमारे 40,000 सोन्याचे दुकात देईल, असे ठरले.

या रकमेचे स्वरूप समजून घेण्यासाठी एक जुनी गोष्ट आठवावी लागते. मेहमद गादीवर आला तेव्हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये बायझंटाइन सम्राटाच्या ताब्यात ओर्हान नावाचा एक उस्मानी राजपुत्र होता, आणि त्याच्या पोटापाण्यासाठी उस्मानी खजिन्यातून दरवर्षी रक्कम जात असे. सम्राटाच्या वकिलांनी ती दुप्पट करा, नाहीतर ओर्हानला सोडून देऊ, अशी धमकी दिली. मेहमदने ही धमकी शहरावर चालून जाण्याचे एक निमित्त केले, आणि 1453 मध्ये शहर पडले तेव्हा ओर्हानही मेला. म्हणजे ओलीस राजपुत्राचा खर्च शत्रूला देण्याची रीत बायझीदने शोधलेली नव्हती. वडिलांनी तलवारीने संपवलेला पायंडा मुलाला नाइलाजाने पुन्हा सुरू करावा लागला, कारण या वेळचा ओलीस वेढा घालता येईल अशा शहरात नव्हता, तर समुद्र आणि डोंगर ओलांडून गेलेला होता.

जेम समुद्रापलीकडे गेल्यावर बायझीद घरच्या आघाडीवर निर्धास्त झाला, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. नोव्हेंबर 1482 मध्ये ज्याने त्याला लढाई जिंकून दिली त्या गेदिक अहमद पाशाला त्याने ठार करवले. जेमचा इस्तंबूलमध्ये असलेला लहान मुलगा ओगुझ हान याचाही गळा आवळला गेला. दूर नीसमध्ये समुद्राकाठी मुलूख पाहणाऱ्या बापाला ही बातमी फार उशिरा कळली असणार.

फ्रान्समधली वर्षे

नीस, सव्हॉय, दोफिने, मग लिमूझँचा डोंगराळ मुलूख, अशी त्याची रवानगी होत राहिली. नीसमध्ये मोकळेपणाने वागणारे स्त्री-पुरुष पाहून त्याने त्या अजब शहरावर एक खेळकर शेर केला, आणि ती त्याच्या युरोपातल्या दिवसांतली बहुधा शेवटची हलकी नोंद आहे. साथीच्या रोगाचे निमित्त, रस्ते असुरक्षित असल्याचे निमित्त, फ्रान्सच्या राजाच्या परवानगीचे निमित्त, अशी कारणे पुढे करून मुक्काम वाढवला जाई आणि त्याचे सोबती हळूहळू त्याच्यापासून तोडले जात. दोफिनेमधल्या सासनाज घराण्याच्या मुलीशी त्याचे प्रेम जुळल्याची दंतकथा तिथे अजून सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही.

शेवटी द’ओब्युसाँच्या स्वतःच्या प्रदेशात, बुर्गनफ येथे, त्याच्यासाठी खास एक उंच गोल बुरूज बांधला गेला. 1486 पासून सुमारे दोन वर्षे तो तिथे राहिला. तो बुरूज आजही उभा आहे आणि ‘झिझिमचा बुरूज’ या नावानेच ओळखला जातो. खालच्या मजल्यांवर नोकर, मध्ये स्वतः जेम आणि वर पहारेकरी अशी त्याची रचना सांगितली जाते. जी माणसे स्वतःला त्याचे यजमान म्हणवत होती त्यांनी पाहुण्यासाठी अशी वास्तू बांधावी, यातच कौलाचे पुढे काय झाले ते लिहिलेले आहे. याच काळात कैरोत असलेल्या चिचेक हातूनकडूनही मुलाला परत पाठवण्याच्या आशेवर धर्मयोद्ध्यांनी 20,000 सोन्याची नाणी घेतली. आईचा पैसा गेला आणि मुलगा परत आला नाही. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत लाजिरवाणा वाटणारा व्यवहार हाच आहे, कारण भावाकडून घेतलेल्या पैशामागे निदान एक तह तरी होता.

दरम्यान त्याच्यासाठी बोली लागतच होती. हंगेरीचा राजा मात्याश कोर्विनुस याला तो सीमेवर हवा होता, म्हणजे रुमेलीतल्या सरदारांना फोडता आले असते. बायझीदशी लढाईत गुंतलेल्या कायतबेला तो कैरोत हवा होता. नेपल्सच्या राजाचेही लक्ष होते. बायझीदला तो जिथे होता तिथेच राहायला हवा होता. या लढाईचा एक धागा आपल्याकडेही येतो. त्या काळी महाराष्ट्राचा मोठा भाग बहमनी सत्तेखाली होता, आणि बिदरचा मंत्री महमूद गावान याचा मेहमदशी पत्रव्यवहार होता. गावानचा वध आणि मेहमदचा मृत्यू एका महिन्याच्या अंतराने, 1481 मध्येच झाले. पुढे दख्खनमधून बायझीदकडे नजराणा घेऊन निघालेल्या वकिलांना मामलुक अधिकाऱ्यांनी वाटेत अडवले, आणि जेमला दिलेल्या आश्रयाइतकेच हे कृत्यही 1485 मध्ये सुरू झालेल्या युद्धाच्या कारणांत धरले जाते. हे युद्ध 1491 पर्यंत रखडले.

रोम

मार्च 1489 मध्ये जेम पोप आठवे इनोसंट यांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी द’ओब्युसाँ कार्डिनल झाले. 13 मार्चला त्याने रोममध्ये प्रवेश केला. भेटीच्या वेळी पोपसमोर गुडघे टेकून पायाचे चुंबन घेण्याची रीत होती. जेमने ती पाळायला नकार दिला आणि पोपच्या खांद्याचे चुंबन घेऊन तो उभा राहिला. त्याच्या एका सोबत्याने लिहिलेल्या वृत्तान्तात पुढची खासगी भेट वर्णन केली आहे. आई, बायको आणि मुले इजिप्तमध्ये आहेत, आपल्याला त्यांच्याकडे जाऊ द्यावे, अशी विनंती करताना त्याचे डोळे भरून आले, आणि पोपचेही. हंगेरीला जाऊन ख्रिस्ती फौजेबरोबर आपल्याच लोकांशी लढणे त्याला मान्य नव्हते, आणि सगळ्या जगाच्या राज्यासाठीही आपण धर्म सोडणार नाही असे त्याने सांगितले. हा वृत्तान्त त्याच्या माणसाने लिहिला आहे, तेव्हा त्यात धन्याचे मोठेपण आणण्याचा प्रयत्न असणार. पण जेमने खरोखरच धर्म बदलला नाही आणि तो कोणत्याही धर्मयुद्धाचा झेंडा झाला नाही, ही गोष्ट त्याच्या शत्रूंच्या कागदांतूनही दिसते.

रोममधली त्याची कैद आरामाची होती. त्याला व्हॅटिकनमध्ये दालने होती, शिकार होती, मेजवान्या होत्या. चित्रकार आंद्रेया मान्तेन्या त्या वर्षी रोममध्ये काम करत होता. त्याने मान्तुआच्या धन्याला लिहिलेल्या पत्रात या तुर्काचे चालणे, बसणे, डोळे मिटून घेणे यांचे बारीक वर्णन केले आहे. आपल्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्यांच्या हाती असलेल्या माणसाकडे सगळे शहर नाटकातल्या पात्रासारखे पाहत होते.

1490 मध्ये पोपने तुर्कांविरुद्ध युद्धाची आखणी करण्यासाठी ख्रिस्ती राजांच्या वकिलांची सभा रोममध्ये भरवली, पण एप्रिलमध्ये मात्याश कोर्विनुस अचानक मेला आणि मोहिमेचा कणा मोडला. त्याच वर्षाच्या शेवटी बायझीदचा वकील मुस्तफा बे रोमला आला. त्याने तीन वर्षांचे 1,20,000 दुकात एकदम आणले. जेम जिवंत असल्याची खात्री करून घेणे हाही त्याच्या भेटीचा हेतू होता. जेमने त्याला सिंहासनासारख्या आसनावर बसून भेट दिली. भावाच्या पत्राला विष लावलेले नाही हे दाखवण्यासाठी वकिलाला ते पत्र चाटून दाखवावे लागले, असे त्या प्रसंगाचे वर्णन आहे. 1492 मध्ये बायझीदने येशूच्या कुशीत खुपसल्याचे मानले जाणारे भाल्याचे पाते पोपला भेट पाठवले. ख्रिस्ती जगातल्या अत्यंत पवित्र अवशेषांपैकी एक वस्तू मुसलमान सुलतान पोपला देतो आहे, तेही आपला भाऊ नीट कोंडून ठेवल्याबद्दल. त्या शतकातल्या धर्मयुद्धाच्या भाषणांची खोली मोजायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

इनोसंटनंतर ऑगस्ट 1492 मध्ये बोर्जा घराण्यातले सहावे अलेक्झांडर पोप झाले. त्यांच्या मुलाबरोबर जेम घोड्यावरून रोममध्ये हिंडे आणि तो मुलगा तुर्की पोशाख घाली, अशी नोंद पोपच्या दरबारातल्या विधी-अधिकाऱ्याच्या रोजनिशीत आहे. बोर्जा दालनातल्या पिंतुरिक्यो याच्या भित्तिचित्रात फेटा बांधलेली एक आकृती जेमचीच असल्याचे परंपरेने मानले जाते.

नेपल्स

1494 मध्ये फ्रान्सचा आठवा चार्ल्स इटलीत घुसला. नेपल्स घ्यायचे आणि तिथून तुर्कांवर चालून जायचे, अशी त्याची जाहीर घोषणा होती, आणि तिला अर्थ येण्यासाठी त्याला जेम हवा होता. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो रोममध्ये शिरला. महिनाभराच्या घासाघिशीनंतर जेमला त्याच्या स्वाधीन करण्यात आले आणि 28 जानेवारी 1495 रोजी फ्रेंच फौज त्याला घेऊन दक्षिणेकडे निघाली. वाटेतच तो आजारी पडला. 25 फेब्रुवारीला नेपल्समध्ये त्याचा मृत्यू झाला. तो पस्तीस वर्षांचा होता.

पोपने हळूहळू भिनणारे विष देऊन त्याला चार्ल्सच्या हाती सोपवले, अशी आवई लगेच उठली. त्याच हिवाळ्यात पोपचा एक वकील इस्तंबूलहून परतताना पकडला गेला होता आणि त्याच्याजवळच्या कागदांत जेमच्या शवासाठी 3,00,000 दुकात देऊ करणारे बायझीदचे पत्र असल्याचे सांगितले गेले. ते पत्र खरे की पोपच्या विरोधकांनी रचलेले, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला विषाची गोष्ट पटत नाही, आणि त्याचे कारण पोपचा सज्जनपणा हे नाही. जिवंत जेम दरवर्षी 40,000 दुकात आणत होता आणि उद्या चार्ल्सकडून परत मिळण्याची शक्यता होती. हिवाळ्यात फौजेबरोबर फरफटत नेलेल्या, वर्षानुवर्षे कोंडलेल्या माणसाला ताप आणि छातीचा विकार होऊन मृत्यू येणे अगदी साधे स्पष्टीकरण आहे.

मरण्यापूर्वी त्याने सोबत्यांना जे सांगितले ते त्या वृत्तान्तात नोंदलेले आहे. आपले शव काफिरांच्या हाती राहू देऊ नका, त्याचे निमित्त करून ते मुसलमानांवर चालून जातील. ते इस्लामच्या मुलखात न्या. माझी कर्जे फेडावीत आणि माझ्या आईची, मुलाबाळांची, माणसांची काळजी घ्यावी असे माझ्या भावाला सांगा. ज्या भावाने मुलगा मारला त्याच्याच हाती शेवटी घर सोपवावे लागले, कारण घर म्हणावे असे दुसरे कोणी उरले नव्हते.

शवाचाही सौदा झालाच. मसाला भरून शिशाच्या पेटीत ठेवलेला देह गाएतामध्ये आणि नेपल्सच्या राजांच्या ताब्यात जवळजवळ चार वर्षे राहिला. बायझीदने राज्यात भावासाठी जनाजाची नमाज पढवली आणि शव मिळवण्यासाठी मागण्या, भेटी, धमक्या असे सगळे उपाय केले. तो मेला आहे हे प्रजेला डोळ्यांनी दिसेपर्यंत कोणीही तोतया उभा राहू शकतो, हे त्याला पक्के माहीत होते. 1499 मध्ये देह बुर्सात आला आणि मुरादिये येथे भाऊ मुस्तफाच्या कबरीशेजारी, ज्या शहरात त्याने अठरा दिवस राज्य केले तिथे, दफन झाला.

कैदेचा परिणाम

जेमच्या कैदेने युरोप तुर्कांपासून वाचला, असे विधान वारंवार केले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते जसेच्या तसे घेऊ नये. ओत्रांतोची तुर्की फौज 1481 मध्ये माघारी गेली, त्याचे तात्कालिक कारण मेहमदचा मृत्यू आणि भाऊबंदकी हे होते. 1484 मध्ये, जेम फ्रान्समध्ये असतानाच, बायझीदने काळ्या समुद्रावरची किली आणि आक्केरमान ही मोक्याची ठाणी घेतली. नंतरची सहा वर्षे त्याची शक्ती मामलुकांशी लढण्यात गेली. शिवाय तो स्वभावानेच वडिलांसारखा सतत मोहिमेवर असणारा राजा नव्हता. तरीही इटलीवर किंवा ऱ्होड्सवर मोठी चाल करण्याची हिंमत त्याने भावाच्या हयातीत केली नाही, आणि शव परत मिळाले त्याच वर्षी व्हेनिसशी युद्ध सुरू झाले. हा क्रम निव्वळ योगायोग मानता येत नाही.

दुसरा परिणाम कमी सांगितला जातो आणि माझ्या दृष्टीने तो अधिक टिकाऊ आहे. एका माणसाच्या बातमीसाठी उस्मानी दरबाराला रोम, फ्रान्स, नेपल्स, व्हेनिस, हंगेरी यांच्याशी वर्षानुवर्षे वकील, पत्रे, हुंड्या आणि हेर यांचा व्यवहार ठेवावा लागला. 1483 मध्ये फ्रान्सला गेलेल्या वकिलाला मरणपंथाला लागलेल्या अकराव्या लुईने भेट नाकारली. सातच वर्षांनी दुसरा वकील पोपच्या दरबारात मानाने उभा होता. युरोपातल्या राजांचे आपसातले वैर आतून कसे चालते, हे इस्तंबूलला जेममुळे जवळून शिकायला मिळाले.

त्याच्या दोन्ही भाषांतल्या कविता टिकल्या. परदेशातल्या वर्षांत लिहिलेल्या कवितांत, विशेषतः मारल्या गेलेल्या मुलासाठी लिहिलेल्या शोकगीतात, दरबारी अलंकार गळून पडतात आणि एक बाप थेट बोलू लागतो. त्याच्याबरोबर हद्दपारी भोगलेल्या कवींना तुर्की साहित्यात ‘जेमचे कवी’ असेच म्हणतात. त्यांतला सादी निरोप घेऊन इस्तंबूलला गेला असता पकडला गेला आणि मारला गेला.

चिचेक हातून 1498 मध्ये कैरोत वारली. मुलाचा देह बुर्साला पोचलेला तिला पाहता आला नाही. मुलगी गेव्हेरमेलिक हिचा विवाह कायतबेच्या मुलाशी झाला. दुसरा मुलगा मुराद ऱ्होड्सला गेला, धर्मयोद्ध्यांच्या आश्रयाने राहिला आणि ख्रिस्ती झाला. डिसेंबर 1522 मध्ये बायझीदचा नातू सुलेमान याने दीर्घ वेढ्यानंतर ऱ्होड्स घेतले. शरण आलेल्या धर्मयोद्ध्यांना शस्त्रे आणि सामान घेऊन जहाजांतून निघून जाण्याची मुभा मिळाली. मुरादला ती नव्हती. वडील ज्या बेटावर चाळीस वर्षांपूर्वी कौल घेऊन उतरले होते, त्याच बेटावर त्याला शोधून काढण्यात आले आणि मुलासह ठार करण्यात आले.